दोन बँडच्या मधली वीस मिनिटं

पत्राचा सारांश

पुण्यात आयटीत नोकरी करणारी 26 वर्षांची वाचक. शाळेपासून मेटल ऐकते, पण गेली चारेक वर्षं बाउहाउस, सिस्टर्स ऑफ मर्सी यांचा उदास, काळोखा गॉथ रॉक आणि फ्रंट 242, स्किनी पपी यांचं यंत्रांच्या ठोक्यांवरचं इंडस्ट्रियल यांच्यात बुडालेली आहे. घरी छोटा डीजे कंट्रोलर आणून गाण्याला गाणं जोडायचं मिक्सिंग शिकते. ओळखीच्या एका कॅफे-बारच्या मालकानं वरच्या मजल्यावरची साठ माणसांची खोली दर रविवारी संध्याकाळी तीन तास देऊ केली आहे. अट अशी की बारवर 30,000 रुपयांची विक्री झाली पाहिजे, कमी पडेल ते तिनं भरायचं. तिच्या मते पुण्यात गॉथ सीनच नाही, ओळखीची माणसं मोजून अकरा. मेटलवाले ड्रम मशीनला हसतात. ते यावेत म्हणून सगळ्यांना पाठ असलेली मेटल गाणी लावली तर लोक पोझर, म्हणजे नुसतं सोंग करणारी, म्हणतील, आणि फक्त आपल्या आवडीचं लावलं तर खोली रिकामी राहील. गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, एकटीनं जायला ती कचरते. मागच्या महिन्यात एका गिगनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. आई म्हणते, सदानकदा काळं काय घालतेस. तिचे प्रश्न दोन: हो म्हणू का? आणि म्हटलंच, तर पहिलं गाणं कोणतं लावू?

उत्तर

आधी कानांचं बोलू, कारण बाकीचं सगळं पुढेमागे करता येईल. दोन दिवस शिट्टी वाजणं ही साधी गोष्ट नाही. गिगनंतर रात्रभर कानाला दडे बसले आणि सकाळी मोकळे झाले तर तो इशारा समजा. दोन दिवस टिकलं असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. आणि कधी एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर थांबून बघू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

हिशेब असा आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असं धरतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं, 106 ला चार मिनिटंही नाहीत. लहान खोलीत ड्रमच्या झांजा आणि गिटारचे अँप मिळून 100 च्या वर सहज जातात. फोमचे इअरप्लग केमिस्टकडे मिळतात, पण बहुतेक जण ते नुसते कानात खोचतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. प्लग बोटांत बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. फोम वरचे सूर जास्त खातो, त्यामुळे संगीत गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. नेहमी जाणार असाल तर फिल्टरवाले, संगीतासाठीचे प्लग घ्या. ते सगळे सूर साधारण सारखे, 15 ते 20 डेसिबलनं खाली आणतात. डीजेचा धोका वेगळा आहे. एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकताना खोलीच्या आवाजावर मात करायला आपण हेडफोन वाढवत जातो. म्हणून मोकळ्या कानात प्लग, हेडफोन बेताचा, आणि टेबलापाशी मॉनिटर स्पीकर असेल तर दोन गाणी जुळवून झाली की तोही खाली.

आता सीनबद्दल. तुम्ही लिहिता की पुण्यात सीनच नाही, फक्त अकरा जण आहेत. अकरा म्हणजे नाही, हे कुठून आलं? लंडनमध्ये 1982 साली सुरू झालेला बॅटकेव्ह, ज्याच्यावरून गॉथ क्लबची सगळी कल्पना घडली, तो म्हणजे सोहोमधल्या एका क्लबात आठवड्यातून एक रात्र चालणारा कार्यक्रम होता. आज तुम्ही जर्मनीतल्या लायप्झिगच्या वेव्ह-गोटिक-ट्रेफनचे व्हिडिओ पाहता, हजारो माणसं काळ्या कपड्यांत शहरभर फिरताना दिसतात, आणि त्याच्याशी पुण्याची तुलना करता. तो महोत्सव 1992 पासून भरतो आहे. तुलना करायचीच तर पहिल्या वर्षाशी करा. आणि साठ माणसांच्या खोलीत पंचवीस माणसं ही भरलेली खोली असते. तीच पंचवीस तीनशेच्या हॉलमध्ये उभी केली तर तुम्हाला रडू येईल. तुमच्या मालकाची खोली योग्य मापाची आहे. अडचण अटीत आहे.

दुसरं गृहीतक, मेटलवाल्यांबद्दलचं. ड्रम मशीनला हसणारे असतील, पण ते ज्यांना डोक्यावर घेतात त्या मेटालिकानं 1987 मध्ये किलिंग जोक या गॉथच्या जवळच्या पोस्ट-पंक बँडचं गाणं आपल्या ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, वाजवलं होतं. सिस्टर्स ऑफ मर्सीनं आपल्या ड्रम मशीनला नाव ठेवलं, डॉक्टर अ‍ॅव्हलांच, आणि मेटल बँड क्रेडल ऑफ फिल्थनं त्याच सिस्टर्सचं गाणं 2001 मध्ये मेटल करून वाजवलं. मेटल बँड पॅराडाइज लॉस्टच्या 1991 च्या अल्बमचं नावच ‘गॉथिक’ आहे. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेशकडे ड्रमर नव्हता, मशीन होतं, आणि 1989 चा त्यांचा ‘स्ट्रीटक्लीनर’ जड संगीताच्या कुठल्याही चाहत्याला ऐकवा, तो हसणार नाही. मिनिस्ट्री, टाइप ओ निगेटिव्ह, फिअर फॅक्टरी, रामस्टाइन: हे सगळे दोन्ही घरचे पाहुणे आहेत. मुंबईच्या मेटल बँड डेमॉनिक रिझरेक्शनचे कीबोर्ड ऐकत वाढलेल्या श्रोत्याला सिंथेसायझर परका नाही.

तेव्हा ‘आपलं शुद्ध’ की ‘त्यांचं लोकप्रिय’ हा पेच मला खरा वाटत नाही. मध्ये एक मोठा रस्ता आहे आणि डीजेचं काम तो रस्ता दाखवणं हेच आहे. रामस्टाइनवर डान्स फ्लोअर भरला की त्याच चालीतलं, साधारण त्याच वेगाचं फ्रंट 242 किंवा नित्झर एब लावा. माणसं आधीच पाय आपटत असतात, ती थांबत नाहीत. किलिंग जोकपासून गॉडफ्लेश, तिथून मिनिस्ट्री, हा उतार सहज लागतो. ओळखीचं एक, मग अनोळखी दोन, मग पुन्हा ओळखीचं, असं विणत जा. अनोळखी गाण्यावर फ्लोअर रिकामा झाला तर घाबरून मध्येच कापू नका, गाणं पूर्ण होऊ द्या. लागोपाठ तिसऱ्यालाही कोणी आलं नाही तर मात्र परत ओळखीच्या जागी या. पोझर कोण म्हणेल याची चिंता त्या अकरांवर सोडा. त्यांना त्यांची गाणी पहिल्या तासात मिळाली की ते पुढे तुमच्याबरोबर राहतात.

आता मालकाची अट. 30,000 रुपये. रविवारी संध्याकाळी माणशी 500 रुपये खर्च धरला तर दर आठवड्याला साठ माणसं लागतील, म्हणजे खोली काठोकाठ, महिन्यातून चार वेळा. तुमचे अकरा आणि त्यांचे पंधरा मित्र आले तर प्रत्येकानं साडेअकराशेच्या वर खर्च करायला हवा. हे होणार नाही आणि दुसऱ्याच महिन्यात तुमचा पगार बारच्या गल्ल्यात जायला लागेल. या रूपात नाही म्हणा. नाही म्हणताना दुसरा प्रस्ताव मात्र द्या: महिन्यातून एकदा, ठरलेला रविवार, उदाहरणार्थ दुसरा. सात ते दहा. हमी नाही. दारावर 200 किंवा 250 रुपये तिकीट, ते तुमचं, बार त्याचा. तीन महिने करून बघू, मग पुन्हा बोलू. आठवड्याला ठेवलं तर माणूस म्हणतो पुढच्या वेळी जाऊ, महिन्याला ठेवलं तर तारीख राखून ठेवतो. ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या: तारीख, वेळ, पैसे, उपकरणं कोणाची, मोडतोड झाली तर कोणी भरायची.

पण त्याच्याही आधी एक पायरी आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुठल्याही मेटल गिगला एक बँड उतरतो आणि दुसरा चढतो त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. ड्रमर आपला स्नेअर, झांजा आणि पेडल बदलतो, गिटारवाले अँपच्या तारा जोडतात. त्या चेंजओव्हरमध्ये बहुतेक ठिकाणी साउंड इंजिनिअरच्या फोनवरचं काहीतरी वाजत असतं. ती जागा मागा. चार बँडच्या गिगमध्ये तीन चेंजओव्हर, म्हणजे तासाभराचं काम, तेही जमलेल्या माणसांपुढे. कोणाच्या गल्ल्याची हमी नको, पोस्टरवर नाव नसलं तरी चालेल. आयोजकाला लिहिताना ‘मी डीजे आहे, संधी द्या’ असं लिहू नका. ‘चेंजओव्हरला गॉथ आणि इंडस्ट्रियल वाजवते, माझा लॅपटॉप आणि तारा माझ्या, कन्सोलवर फक्त एक स्टिरिओ इनपुट लागेल, पैसे नकोत, दोन पाहुणे आत सोडा’ असं लिहा. त्याला काय द्यायचं आणि काय मिळणार ते एका वाचनात कळतं.

तिथले नियम वेगळे आहेत. आवाज बँडपेक्षा बराच खाली ठेवायचा, कारण माणसांना बोलायचं असतं आणि कानांना विश्रांती हवी असते. इंजिनिअरनं हात वर केला की पाच सेकंदांत आवाज उतरवायचा, गाणं कितीही रंगात आलेलं असो. पुढच्या बँडचीच गाणी लावायची नाहीत, ते ज्यांच्या चाली वाजवतात त्यांचीही नाहीत. लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज येतो का ते बघणं, चालू असताना बासचा धबधबा नको, ड्रमरला आपला किक ड्रम ऐकू यायला हवा. आणि लोकांकडे पाहा. कोण मान हलवतंय, कोण फोन काढून गाणं शोधतंय? त्यांच्याशी नंतर जाऊन बोला. तुमच्या रविवारची पहिली चाळीस माणसं तिथेच उभी असतात.

यासाठी गिगला जावं लागेल आणि एकटीनं जायची भीती तुम्ही लिहिली आहे. ती रास्त आहे. पहिल्या बँडच्या आधी पोचा. तेव्हा गर्दी विरळ असते, प्रकाश असतो, आयोजक आणि इंजिनिअर दोघंही बोलायच्या मनःस्थितीत असतात, आणि बाहेर पडायची दारं नीट बघून ठेवता येतात. उभं राहायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे साउंड कन्सोलच्या जवळ. आवाज तिथेच सर्वांत तोलून लावलेला असतो आणि पिट, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचा घोळका, सहसा तिथवर येत नाही. पिट स्टेजपुढे मधोमध उघडतो. त्याच्या कडेला उभ्या राहिलात तर एक पाय मागे, हात छातीपुढे, आणि आत पाठ करून कधीही उभं राहू नका. कोणी पडलं तर आजूबाजूचे सगळे थांबून त्याला उचलतात, हा पिटचा पहिला नियम आणि तो तुम्हालाही लागू. टोकदार खिळ्यांचे पट्टे, लोंबत्या साखळ्या, मोठ्या कड्या त्या दिवशी घरी ठेवा. बुटांच्या नाड्या आत खोचा. कोणी अंगचटीला आलं तर ‘चुकून असेल’ म्हणत बसू नका, जागा बदला आणि लगेच आयोजकाला त्या माणसाकडे बोट दाखवून सांगा. जो आयोजक हसून टाळतो त्याच्या गिगला पुन्हा जायचं नाही, आणि बाकीच्या मुलींना ते सांगायचं. परतीची गाडी आत शिरण्याआधी ठरवा. शेवटचा बँड संपल्यावर शंभर जण एकाच वेळी रिक्षा शोधतात आणि फोनची बॅटरी नेमकी तेव्हा संपते. मुंबईच्या गिगला जाणार असाल तर रात्री साधारण एक ते चार लोकल नसते, हे धरून मुक्काम आधी ठरवा.

आता तंत्राकडे, कारण गॉथ-इंडस्ट्रियल वाजवताना घरच्या सरावात न कळणाऱ्या काही गोष्टी खोलीत कळतात. पहिली, वेग. ईबीएम, म्हणजे फ्रंट 242 सारखं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि बरंचसं इंडस्ट्रियल 115 ते 130 बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांनी, मशीनवर चालतं, त्यामुळे घड्याळासारखं स्थिर. त्याचे ठोके बिनधास्त जुळवा. पण ऐंशीच्या दशकातला जो गॉथ खऱ्या ड्रमरनं वाजवला आहे तो गाण्याच्या आत पुढेमागे सरकतो. सॉफ्टवेअर त्यावर ठोक्यांची ग्रीड टाकतं खरं, पण दुसऱ्या मिनिटाला ती ग्रीड सुटलेली असते, आणि ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण दाबलं की दोन घोडे वेगळ्या दिशेला ओढतात. अशी गाणी जुळवू नका. एकाचा शेवटचा ठोका, वर थोडा एको, आणि दुसऱ्याची सुरुवात. स्वच्छ कापलेलं ऐकायला चांगलं वाटतं, चुकीचं जुळवलेलं अख्ख्या खोलीला कळतं. मेटललाही हेच लागू, तिथे तर वेग एका गाण्यात तीनदा बदलतो. वेग 6 टक्क्यांनी वाढवला की स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानं चढतो. स्वर धरून ठेवणारं बटण आहे, पण जास्त ताणलं की आवाज खरखरतो. 3-4 टक्क्यांच्या आत राहा.

दुसरी गोष्ट आवाजाची पातळी, आणि नव्या डीजेची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. 1980 च्या आसपासची ध्वनिमुद्रणं हळू आहेत, 2000 नंतरचं मेटल दाबून दाबून मोठं केलेलं आहे. दोघांत 6 ते 8 डेसिबलचा फरक सहज पडतो. बाउहाउसनंतर थेट नवं मेटल लावलं तर लोक दचकतात, उलट केलं तर गाणं गेल्यासारखं वाटतं. प्रत्येक गाणं लावण्याआधी हेडफोनवर ऐकून ट्रिम, म्हणजे त्या गाण्याची पातळी ठरवणारं बटण, फिरवा, जेणेकरून सगळ्यात जोरकस जागी मीटर हिरव्याच्या टोकाला, फार तर पहिल्या पिवळ्याला लागेल. लाल कधीच नाही. इंडस्ट्रियलमध्ये विकृत आवाज मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे मिक्सर फाटतोय हे उशिरा लक्षात येतं. बारच्या छोट्या स्पीकरवर गिटारचे मधले सूर टोचतात. मिड थोडा उतरवा, बास वाढवू नका. रिकाम्या खोलीत आवाज चकचकीत लागतो. माणसं आली की त्यांचे कपडे आणि अंगं वरचे सूर शोषतात, म्हणून साउंड चेकला थोडं तिखट वाटलं तरी लगेच बदलू नका. आणखी एक: स्पीकर तुमच्यापासून सहा मीटरवर असतील तर आवाज तुमच्यापर्यंत 17-18 मिलिसेकंद उशिरा येतो. खोलीच्या आवाजावर जुळवायला गेलात तर ठोके सुटतील. दोन्ही गाणी हेडफोनमध्ये घेऊनच जुळवा.

तीन तासांना, गाणी जवळपास पूर्ण वाजवली तर, चाळीसेक पुरतात. बरोबर शंभर-सव्वाशे न्या. फाइल 320 केबीपीएसची एमपी3 किंवा एआयएफएफ. व्हिडिओवरून उतरवलेली गाणी घरच्या हेडफोनवर चालून जातात, मोठ्या स्पीकरवर झांजा पाण्यात भिजल्यासारख्या येतात. बँडकॅम्पवर विकत घ्या, पैसे बँडला मिळतात आणि फाइल चांगली मिळते. तिथून फ्लॅक घेतलीत तर एआयएफएफ करून ठेवा, जुने प्लेअर फ्लॅक वाचत नाहीत. पेनड्राइव्ह दोन, सारखेच भरलेले, फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेले. हेडफोनचं मोठ्या पिनचं अडॅप्टर खिशात. लॅपटॉप वापरत असाल तर वायफाय आणि सूचना बंद. आणि चार्जर लावताच स्पीकरमधून घुंघुं येऊ लागली तर तो अर्थिंगचा प्रश्न असतो. बॅटरीवर चालवा किंवा मध्ये आयसोलेटर लावा. कोणी प्लगची तिसरी पिन काढा म्हणालं तर ऐकू नका, शॉक बसेल.

गाणं निवडताना शब्द आणि बँडची भूमिकाही बघा. इंडस्ट्रियल आणि ब्लॅक मेटलमध्ये लष्करी आणि फॅसिस्ट चिन्हं धक्का द्यायला वापरणारे आहेत, तसे ते मनापासून मानणारेही आहेत. फरक पाच मिनिटांच्या शोधात कळतो.

कायद्याचं मालकाला विचारायचं, पण विचारायचं तुम्हीच. रेकॉर्ड केलेलं संगीत सार्वजनिक ठिकाणी वाजवायला हक्कधारकांचे परवाने लागतात: ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल, रचनांसाठी आयपीआरएस या परवाने देणाऱ्या संस्थांचं नाव तुमच्या कानावर येईल. कॅफेकडे वार्षिक परवाना आहे का, त्यात तिकिटाचा कार्यक्रम बसतो का, आणि तिकीट लावल्यावर पोलिसांची परवानगी लागते का, हे तीन प्रश्न. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. बंदिस्त खोलीला सूट असली तरी आवाज बाहेर जाता कामा नये, आणि बास खिडकीच्या काचांतून पहिला जातो. मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात रॉकच्या मोठमोठ्या रात्री झाल्या, पण ते शांतता क्षेत्रात मोडलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. म्हणून म्हणते, दहाला संपवा आणि पहिल्या महिन्यात शेजारच्या इमारतीत स्वतः जाऊन नंबर देऊन या. बियर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 ही महाराष्ट्रातली वयाची अट आहे. कॉलेजची मुलं येणार असतील तर दारावर ओळखपत्र बघून मनगटावर पट्टी बांधायची व्यवस्था ठेवा.

आईचं. तिला विचारा, संक्रांतीची चंद्रकळा कोणत्या रंगाची? मग तिला एक संध्याकाळ चेंजओव्हरला घेऊन या, प्लग लावून, कन्सोलजवळ. काळ्या कपड्यांतली मुलं पडलेल्याला उचलतात हे तिनं स्वतः पाहिलं की बरंच बोलणं वाचेल. आणि मेमध्ये पीव्हीसीचे चकचकीत कपडे घालू नका. काळं सुती घाला, भुवया-काजळ वॉटरप्रूफ.

पहिलं गाणं. माणसांना जिंकायला ते नसतं, त्यामुळे तुमचं सर्वांत लाडकं तिथे खर्चू नका. ड्रम मशीनवरचं, मध्यम वेगाचं आणि सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता बास किंवा सिंथ असलेलं निवडा. त्या अर्ध्या मिनिटात मीटर बघून ट्रिम लावा, टेबल सोडून खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत जा, तिथे कसं लागतंय ते ऐका आणि परत या. साडेनऊ मिनिटांचं बाउहाउसचं 1979 चं पहिलं सिंगल मात्र दुसऱ्या तासासाठी ठेवा, तेव्हा पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला वेळ लागेल.